साडेसतरा फूट

शाळेच्या वळणावर लवू घाडी उभा होता आणि त्याच्या डाव्या हातात एक हात आला. लहान, घामेजलेला, खडूची पूड लागलेला. त्याने खाली बघितलं. तिसरी-चौथीतली मुलगी असेल, दोन वेण्या, पाठीवर तिच्याहून मोठं दप्तर. ती त्याच्याकडे बघतच नव्हती, रस्त्याकडे बघत होती. जिन्याचा कठडा धरावा तसा तिने त्याचा हात धरला होता. कठड्याला कोण विचारतं, धरू का म्हणून! "चला ना काका," ती म्हणाली, आणि तो चालायला लागला. वास्तविक त्याला रस्ता ओलांडायचाच नव्हता. तो निघाला होता मंडळाच्या ऑफिसात, ते ह्याच बाजूला, चाळीच्या तळमजल्यावर. एक टॅक्सी पुढे निघून गेली, दुसरीच्या बॉनेटसमोर त्याने तळवा धरला, एक मोटारसायकलवाला शिवी देत मागून वळून गेला, आणि दोघं पलीकडे पोचली. मुलीने हात सोडला आणि शाळेच्या फाटकात शिरली. थँक्यू नाही, मागे वळून बघणं नाही. लवू पलीकडच्या फुटपाथवर उभा राहिला. तिथे त्याचं काही काम नव्हतं. डावा हात त्याने पॅंटला पुसला, आणि मग त्याच हाताने शर्टाचा वरचा खिसा चाचपला. कागद जागच्या जागी होता.

कागद म्हणजे निवेदन. काल संध्याकाळी प्रितेशने आणून दिलं होतं. प्रितेश मंडळाचा अध्यक्ष, चाळिशीचा, पण लवूला अजून त्याच्या नाकातला शेंबूडच आठवायचा. "काका, टेन्शन नका घेऊ, फॉरमॅलिटी आहे. तुम्ही फक्त सही मारा. शुक्रवारी पालिकेचा इंजिनिअर येतोय पाहणीला, तेव्हा तुम्ही पण पाहिजे. तुमचा शब्द म्हणजे काय, विषय संपला." कागदावर टाइप केलेलं होतं : मी, लवू बुधाजी घाडी, वय एकसष्ट, गेली अडतीस वर्षे मंडळाच्या विसर्जन मिरवणुकीत मूर्तीच्या अग्रभागी राहून तारा उचलण्याचे काम करीत आहे. मूर्तीची उंची बावीस फूट व ट्रॉलीची साडेतीन फूट, अशी एकूण उंची साडेपंचवीस फूट असून, शाळेने प्रस्तावित केलेला पादचारी पूल झाल्यास आमच्या दैवताचा मार्ग कायमचा बंद होईल. खाली सहीसाठी रेघ. लवूने आयुष्यात स्वतःचं नाव छापील अक्षरात फार वेळा पाहिलं नव्हतं. एकदा लाइटबिलावर, एकदा बापाच्या तेराव्याच्या कार्डावर. इथे ते पहिल्याच ओळीत होतं, बापाच्या नावासकट, आणि त्याच्या खाली एक आकडा होता. तो आकडा खोटा होता.

मूर्ती चौदा फुटांची होती. ट्रॉली साडेतीन. एकूण साडेसतरा. हे त्याला जितकं ठाऊक होतं तितकं स्वतःच्या चपलेचं मापही ठाऊक नव्हतं. वीस फुटी बांबू, टोकाला आडवी लाकडी पट्टी, आणि बांबूवर फुटाफुटावर त्याने स्वतः ऑइलपेंटने काढलेल्या खुणा. केबलची तार आली, फलकाची दोरी आली, रोषणाईची माळ आली, की पट्टी खाली घालायची, तार अलगद वर न्यायची, मुकुटाला इंचभर तरी वारा राहील एवढी, आणि ओरडायचं, "हालू... हालू... येऊ दे... थांब!" हे सगळं उलटं चालत. कारण देवाकडे पाठ केली तर तार दिसेल पण मुकुट दिसणार नाही. अडतीस वर्षं तो काळाचौकीपासून गिरगाव चौपाटीपर्यंत उलटा चालत गेला होता, रस्त्याकडे न बघता, मान वर करून. मागून कोणीतरी त्याचा शर्ट धरून खड्डा आला की सांगायचा. तेवढा एक दिवस पोलीस त्याचं ऐकायचे, बसगाड्या त्याच्यासाठी थांबायच्या, गॅलऱ्यांतून माणसं बोट दाखवून सांगायची, तो बघ, तो लवू, त्याने हात वर केला की देव थांबतो. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस तो दहा बाय बाराच्या खोलीत राहणारा रिटायर वायरमन होता. मुलगी सासरी बदलापूरला, बायकोचे गुडघे दुखतात, आणि कोणाच्या घरात फ्यूज उडाला तर बोलावणं येतं. हे त्याला नीट कळत होतं. बांबू काढून घेतला तर उरलेल्या लवूला फारसं कोणी ओळखणार नाही. त्या कागदावर सही नाही केली तर बांबू जाणार, हेही.

बावीस आकडा आला कुठून? तो तर लवूनेच लिहिला होता. पहिल्या वर्षी, बांबू हातात आला त्याच वर्षी. शेजारच्या मंडळाने बोर्ड लावला होता, भव्य वीस फुटी मूर्ती. प्रितेशचे वडील तुळशीदास तेव्हा अध्यक्ष. चहाचा ग्लास खाली ठेवून ते म्हणाले, "लव्या, तुझा हात वळणदार आहे. लिही, बावीस." लवू म्हणाला, "दादा, मूर्तिकाराचा साचा चौदाचा आहे." तुळशीदास हसले. "अरे येड्या, देवाला टेप कोण लावतो?" खरं होतं. कोणीच लावला नाही. लवूने ब्रश बुडवला आणि दोन मोठे दोन काढले, पिवळे, लाल किनारीचे. पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्या वर्षी तेच. मूर्तिकार तोच, परळचा, साचा तोच, ऑर्डर देताना फक्त म्हणायचं, नेहमीसारखी. म्हातारा मूर्तिकार गेला, त्याचा मुलगा आला, साचा राहिला. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत उभं राहिलं की देवाचे डोळे समोरासमोर येतात. आता बावीस फुटी देवाचे डोळे तिथे यायचे तर पहिला मजला पंधरा-सोळा फुटांवर हवा, आणि तो तसा नसतो, हे बिगारीतल्या पोराला कळेल. पण देवाच्या डोळ्यांत बघताना कोण गणित करतो? लवूची अशी समजूत होती की मंडळातल्या सगळ्यांना हे आतून माहीत आहे. लग्नात नवऱ्याचा पगार फुगवून सांगतात आणि दोन्हीकडचे मान डोलावतात, तसं काहीतरी. सगळे मिळून बोलायचं खोटं. त्याचं ओझं वाटत नाही, कारण ते सगळ्यांनी मिळून उचललेलं असतं.

रस्ता परत ओलांडायला त्याला पाच मिनिटं लागली. एकट्या माणसासाठी कोणी थांबत नाही. पूर्वी ह्या वळणावर गाड्या मुळात हळू यायच्या. मग रस्ता रुंद झाला, सिग्नल पुढच्या नाक्यावर गेला, पांढरे पट्टे झिजले. शाळा पूर्वेला, चाळी पश्चिमेला. सकाळच्या पाळीची पोरं साडेबाराला सुटतात तेव्हाच दुपारच्या पाळीची येत असतात, आणि दोन्हीकडची पोरं रस्त्याच्या दोन काठांवर उभी राहून एकमेकांकडे बघत असतात. गेल्या महिन्यात मुख्याध्यापिका पद्मजाबाई स्वतः मंडळाच्या हॉलमध्ये आल्या होत्या, पुलाचा नकाशा घेऊन. बारीक अंगाच्या, चष्मा दोरीने गळ्यात. "दोनशे अठरा मुलं रोज रस्ता ओलांडतात," त्या म्हणाल्या, "आणि रोज साडेबारा वाजता मी खिडकीशी उभी असते. मला दुसरं काही करता येत नाही, म्हणून उभी असते." हॉलमध्ये तेव्हा एक-एक हरकत निघाली. जिना चाळीच्या तोंडाशीच उतरणार. पुलावरून येणारा-जाणारा थेट पहिल्या मजल्याच्या घरात बघणार, बायकांनी कपडे बदलायचे कुठे? रात्री बेवडे झोपणार. मीराबाई कोळीण खांबाच्या जागेवर बसते, तिच्या सासूपासूनची जागा, ती म्हणाली, "माझ्या पाटीवर खांब ठोकनार काय, बाय?" पद्मजाबाई प्रत्येकाला उत्तर देत होत्या. जाळी लावू, फाटक लावू, खांब चार फूट सरकवू. आणि मग प्रितेश उठला आणि म्हणाला, "बाकी सगळं ठीक आहे मॅडम. देव कुठून जाणार?" पद्मजाबाई नकाशावर बोट फिरवत राहिल्या. सगळा हॉल गप्प झाला, आणि त्या गप्प होण्यात एक समाधान होतं, ते लवूलाही जाणवलं होतं. पुलाची खालची बाजू रस्त्यापासून साडेपाच मीटरवर. म्हणजे अठरा फूट. लवूने मनातल्या मनात वजाबाकी केली होती आणि मान खाली घातली होती.

घरी सुभद्रा तांदूळ निवडत बसली होती. तिला त्याने कागद दाखवला. तिला साडेसतराचं माहीत होतं, लग्नानंतरच्या पहिल्याच गणपतीत त्याने बढाई मारता मारता सांगून टाकलं होतं. तिने चष्मा लावून कागद वाचला, ओठ हलवत, आणि परत दिला. "मगे? करा सही."

"खोटा आसा ता."

"अडतीस वर्षां बावीस चललो. आता कित्याक हरिश्चंद्र व्हतात?" तिने एक खडा वेचून बाजूला टाकला. "बांबू गेलो तर दिवसभर घरात माझ्या डोक्यार बसशात. माका नको ता."

ती चेष्टेत बोलली, पण खोटं बोलली नाही. लवू खिडकीशी जाऊन बसला. ही खिडकी गॅलरीत उघडते, आणि गॅलरीच्या कठड्यापाशी अजून एक लाकडी खुर्ची आहे, एका पायाला सुतळी बांधलेली. त्या खुर्चीत त्याचा बाप अकरा वर्षं बसला. बुधाजी घाडी, कापडगिरणीत साचेखात्यातला, मागावरचा, सव्वीस वर्षांची नोकरी. संप झाला आणि गिरणी जी बंद झाली ती झालीच. पहिले सहा महिने बाप सभांना गेला. मग सभा ओसरल्या. एक दिवस सकाळी तो धुतलेला शर्ट घालून बाहेर पडला, तो शाळेच्या वळणावर जाऊन उभा राहिला. का, कोणी सांगितलं, काही नाही. पोरांचा घोळका आला की रस्त्यात उतरायचा, उजवा हात आडवा धरायचा, गाड्या थांबायच्या, पोरं जायची, की परत फुटपाथवर. सकाळी सात, दुपारी साडेबारा, संध्याकाळी साडेपाच. गिरणीच्या पाळ्यांसारखंच. आईने विचारलं तेव्हा म्हणाला, "माका घरात बसवत नाय. मी खंय पगार मागतंय?"

लवू तेव्हा एकोणीस-वीसचा. नाक्यावर बसायची वयं. तुळशीदास आणि आणखी चार-पाच जण, कोणाच्या बापाला नोकरी नव्हती, कोणाला स्वतःला नव्हती, पण हसायला काय लागतं? एका दुपारी तुळशीदास म्हणाले, "लव्या, तुझ्या बापाला हवालदार कधी केला रे?" सगळे हसले. लवूही हसला. हसला, आणि हसणं पुरेसं वाटेना म्हणून उठून गेला. बाप रस्त्याच्या मधोमध उभा होता, हात आडवा, समोर एक टेम्पो थांबलेला, पोरं जात होती. लवू म्हणाला, "बाबा, घराक चला. लाज वाटता आमका." मोठ्याने म्हणाला, नाक्यावर ऐकू जावं म्हणून. हे 'म्हणून' त्याने कोणालाही कधी सांगितलेलं नाही, सुभद्रालाही नाही. बापाने त्याच्याकडे बघितलं नाही. शेवटचं पोर पलीकडे जाईपर्यंत हात तसाच ठेवला. मग खाली घेतला, टेम्पोवाल्याला जा म्हणून मान हलवली, आणि घरी गेला. दुसऱ्या दिवशी गेला नाही. पुन्हा कधीच गेला नाही. त्यानंतर वळणावर काही भयंकर झालं असतं तर लवूला निदान एक धड अपराध तरी मिळाला असता. तसं काही झालं नाही. पोरं आपली आपली धावत जात राहिली. फक्त साडेबारा वाजले की गॅलरीतला बाप खुर्चीतून उठून उभा राहायचा, दहा मिनिटं उभा असायचा, आणि परत बसायचा. अकरा वर्षं. लवू ते बघून न बघितल्यासारखं करायचा. त्यात तो पटाईत झाला होता.

बांबू हातात घेतला त्या पहिल्या वर्षी मिरवणूक चाळीखालून जाताना बाप कठड्याशी आला होता. घरी परतल्यावर, अंगभर गुलाल, घसा बसलेला, लवू पाणी पीत होता तेव्हा बाप म्हणाला, "बरा केलंस. गाडी थांबवूक येता तुका." एवढंच. ते कौतुक होतं की टोमणा, हे लवूला तेव्हा कळलं नाही आणि पुढे कधीच कळलं नाही. विचारता आलं असतं. अकरा वर्षांत एक दिवस तरी विचारता आलं असतं. बापाने रोज तीन वेळा जे केलं त्याला लोक हसले, आणि लेकाने वर्षातून एकदा तेच केलं तर त्याच्या गळ्यात हार घातला. फरक काय होता? बापाच्या मागून पोरं जात होती, लेकाच्या मागून देव. एवढाच. हे सगळं आता, एकसष्टाव्या वर्षी, खिशातल्या एका कागदामुळे वर यावं ह्याचा त्याला राग आला. राग कोणावर काढायचा ते समजेना, म्हणून त्याने सुभद्राला विचारलं, भात अजून कसा झाला नाही. ती म्हणाली, तांदूळ अजून निवडतेय, दिसत नाही?

गुरुवारी त्याने सही केली नाही, आणि नाहीसुद्धा म्हटलं नाही. प्रितेश गॅलरीत भेटला, "काका, कागद?" लवू म्हणाला, "चष्म्याचा नंबर बदललाय." प्रितेश म्हणाला, "उद्या तिथेच करा मग. आणि बांबू आणा हां. साहेबाला दाखवू, इम्प्रेशन पडतं." ह्या पोराला खोटं बोलताना काहीच कसं वाटत नाही, लवूला नवल वाटलं. डोळे कसे स्वच्छ. तुळशीदास निदान खोटं बोलताना हसायचे तरी.

शुक्रवारी साडेबाराला पाहणी. इंजिनिअर पोरगेलासा होता, टोपी, हातात फाइल, सोबत एक टेप धरणारा. पद्मजाबाई आल्या होत्या, मंडळाची आठ-दहा पोरं होती, त्यात बांबूचं टोक धरायला वैभव. मीराबाई आपल्या जागेवरून मान उंचावून बघत होती. लवू बांबू उभा धरून फुटपाथवर उभा राहिला. गणपतीत बांबू धरला की खांदे आपोआप रुंद व्हायचे, आज झाले नाहीत. फेब्रुवारीत, मिरवणूक नाही, ढोल नाही, नुसता वीस फुटी बांबू घेऊन भर रस्त्यात उभं राहायचं म्हणजे वेषांतर करून चुकीच्या नाटकात शिरल्यासारखंच. शाळा सुटली. सकाळची पोरं फाटकातून बाहेर आली, दुपारची ह्या बाजूला जमली, आणि दोन्ही काठ भरले. इंजिनिअर थोडा वेळ ते बघत राहिला. मग फाइल उघडून म्हणाला, "मंडळाची हरकत उंचीबद्दल आहे. पुलाखाली साडेपाच मीटर मिळणार. मूर्ती रस्त्यापासून किती?"

"आमचे काका सांगतील," प्रितेश म्हणाला. त्याच्या आवाजात अभिमान होता. "अडतीस वर्षं हेच घेऊन जातात देवाला. एक तार कधी लागली नाय मुकुटाला. सांगा काका."

लवूने ठरवलेलं काही नव्हतं. नंतर सुभद्राने खोदून खोदून विचारलं तेव्हाही त्याने हेच सांगितलं, आणि तिचा विश्वास बसला नाही. बाप आठवला, असंही नाही. तो वर बघत होता. पूल जिथे येणार तिथे आत्ता नुसतं आभाळ होतं आणि दोन केबलच्या तारा, आणि त्याची नजर सवयीने त्या तारांवर गेली, खालची सोळा, वरची एकोणीस, खालची उचलावी लागेल. वर बघत असताना कोणी उंची विचारली की खरी उंची सांगायची. ह्या एका बाबतीत तो आयुष्यात कधी खोटं बोलला नव्हता. बोर्डावर बावीस लिहिणं वेगळं आणि तारेखाली बावीस म्हणणं वेगळं. तारेखाली चुकीचा आकडा सांगणारा माणूस देवाचा मुकुट पाडतो.

"साडेसतरा," तो म्हणाला.

"फूट?"

"फूट. ट्रॉलीसकट."

इंजिनिअरने मोबाइलवर हिशोब केला. "पाच तेहतीस. म्हणजे जाते की. सोळा-सतरा सेंटिमीटर राहतात वर." त्याने ते लिहून घेतलं. मग पोरांतून कोणीतरी हसलं, नाइलाजाने हसतात तसं. वैभव म्हणाला, "काका, गंमत करताय काय?" पद्मजाबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि लवूकडे बघितलं. त्यांना आनंद झाला असेल, पण चेहऱ्यावर आनंद नव्हता. ह्या माणसाने आत्ता काहीतरी देऊन टाकलं, एवढं त्यांना कळलं असावं. त्या म्हणाल्या, "घाडी, तुम्ही..." आणि रस्त्यापलीकडच्या पोरांकडे बघायला लागल्या. इंजिनिअर म्हणाला, अजून बऱ्याच सह्या आहेत, वाहतूक खातं आहे, निविदा आहे, वर्ष-दोन वर्षं कुठेच गेली नाहीत, पण ही हरकत तर निघाली. आणि टेपवाल्याला घेऊन तो पुलाचा जिना जिथे उतरणार ती जागा मोजायला गेला.

लवू वाट बघत होता, आता प्रितेश शिव्या घालणार. शिव्यांची त्याची तयारी होती. प्रितेशने त्याला दंडाला धरून मीराबाईच्या मागे, भिंतीकडे नेलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"काका, खरं सांगा. त्या बाईंनी काय सांगितलं तुम्हाला?"

"काय नाय सांगितलं."

"मग बावीस आहे ना?"

"प्रितेश, तुला माहीत नाही काय?"

"काय माहीत?"

लवू त्याच्याकडे बघत राहिला. ते स्वच्छ डोळे. हा खोटं बोलतच नव्हता. ह्याला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. तुळशीदास गेले, म्हातारा मूर्तिकार गेला, त्या दिवशी चहा पीत बसलेले बाकीचे कोणी गावाला, कोणी वर. सगळ्यांनी मिळून उचललेलं खोटं म्हणून लवू ज्याच्या एका कोपऱ्याला हात लावून होता, ते केव्हापासूनच त्याच्या एकट्याच्या डोक्यावर होतं. बाकीच्यांच्या लेखी ते खरंच होतं. निवेदन लिहिताना प्रितेशने एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं. त्याने देवासाठी भांडण मांडलं होतं आणि आपल्या सगळ्यांत भरवशाच्या माणसाला साक्षीला आणलं होतं. लवूला एकदम फार वाईट वाटलं. पुलाचं नाही, बांबूचंही नाही. ह्या पोराला बाजूला घेऊन आधी सांगायला हवं होतं, बुधवारी, गुरुवारी, केव्हाही. चष्म्याचा नंबर म्हणे!

"साचा चौदाचा आहे रे," तो म्हणाला. "पहिल्यापासून."

"पप्पांना माहीत होतं?"

"होतं," लवू मीराबाईच्या पाटीकडे बघत म्हणाला. प्रितेशने रस्त्याकडे तोंड फिरवलं. पलीकडे पोरं अजून उभीच होती, गाड्या संपायची वाट बघत. तो म्हणाला, "ह्या वर्षी बांबू वैभवकडे देऊ आपण. पोरं ऐकणार नाहीत आता, काका. मी म्हटलं तरी नाहीत." त्याने रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. लवूने मान हलवली. "आणि एक करा," प्रितेश म्हणाला, "आईला सांगू नका. ती अजून पाहुण्यांना पप्पांचा फोटो दाखवून सांगते, ह्यांनी बावीस फुटी आणला काळाचौकीत. तिला कळलं तर... नका सांगू."

"नाय सांगणार," लवू म्हणाला. बांबू त्याने वैभवच्या हातात दिला, कुठे धरायचा ते दाखवलं, आणि वैभवने त्याच्याकडे न बघता तो आडवा करून खांद्यावर घेतला. जिना चढताना लवूला आपले हात कुठे ठेवायचे ते कळेना. एक कठड्यावर ठेवला, दुसरा नुसताच लोंबत राहिला.

पहिल्या मजल्यावर शांतीवहिनी गॅलरीतच बसल्या होत्या, तुळशीदासांची बायको, सत्तरीच्या पुढच्या. कान गेले होते, डोळे शाबूत. वरून त्यांनी सगळं बघितलं होतं, ऐकू काहीच आलं नव्हतं. "काय रे लवू," त्या ओरडल्या, बहिऱ्या माणसांचं बोलणं असतंच तसं, "काय ठरलं? पूल व्हणार काय?"

"होणार बहुतेक, वहिनी."

"आणि आपला देव? एवढा मोठा देव जायचा कसा त्याच्याखालून?"

लवू त्यांच्या कानाशी वाकला. एका दुपारी एक खरं पुरे झालं होतं.

"वाकेल," तो म्हणाला. "पोरांसाठी वाकेल, वहिनी."

शांतीवहिनींनी त्याच्याकडे टक लावून बघितलं. मग त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. "वाकणारच," त्या म्हणाल्या, "आपला देव तसाच हाय." आणि लवू तिथून हलायच्या आत त्यांनी कठड्यावरून खाली हाक मारली, समोरच्या गॅलरीत हाक मारली, ऐका गं बायांनो, लवू सांगतोय, देव वाकणार हाय पोरांसाठी. समोरची सून बाहेर आली. खाली मीराबाईने पाटीवरचं फडकं बाजूला सारून वर बघितलं. वैभव बांबू खांद्यावर घेऊन थबकला. संध्याकाळी सुभद्रा दळण घेऊन आली तेव्हा तिला गिरणीवरच कळलं होतं, बावीस फुटी देव पोरांच्या पुलाखालून वाकून जाणार, आणि लवू घाडी त्याला वाकवणार, कारण ते काम दुसऱ्या कोणाला येतच नाही. आणखी दोन तासांत ते तीन चाळींत झालं. प्रितेशचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज दुपारसारखा नव्हता. "काका, लोक विचारतायत. कसं वाकवणार, म्हणतायत. बांबू तुमच्याकडेच असू दे." लवूने फोन ठेवला आणि खिडकीशी बसून राहिला. चौदा फुटांचा साचा परळला तसाच उभा होता, ताठ, आणि त्याला कंबरेत वाकायची सोय नाही, शिवाय गरजही नाही, हे आता लवूशिवाय कोणाला ऐकायचंच नव्हतं.